तेलविहिरीतील क्षारांचे थर रोखण्यासाठी खडकात रसायन कसे मुरवावे

तेलाच्या थरातील दाब टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी खाली सोडण्याची पद्धत जगभरच्या सागरी तेलक्षेत्रांत रूढ आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचे मुंबई हाय क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने शोधले, १९७६ पासून तेथून तेल येऊ लागले, आणि १९८० च्या दशकात तेथील एल-३ या चुनखडीच्या थरातही समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले. दाब टिकतो, तेल पुढे ढकलले जाते, हा या पद्धतीचा लाभ आहे. परंतु कालांतराने हेच पाणी उत्पादन विहिरीपर्यंत पोहोचते आणि थरातील मूळच्या पाण्यात मिसळते. अशा मिश्रणातून, तसेच खडकातून विहिरीत शिरताना दाब एकाएकी उतरल्यामुळे, पाण्यात विरघळलेले क्षार बाहेर पडून पर्फोरेशनवर (तेल विहिरीत येण्यासाठी पाडलेल्या छिद्रांवर), ट्यूबिंगच्या (तेल वर आणणाऱ्या नळीच्या) आतल्या भिंतीवर आणि गॅस-लिफ्टच्या (तेल उचलण्यासाठी वायू सोडणाऱ्या) व्हॉल्व्हवर दगडासारखे चिकटतात. क्षेत्रावर यालाच ‘स्केल’ म्हणतात. उत्तर समुद्रातील मिलर क्षेत्रातल्या एका विहिरीचे उत्पादन स्केलमुळे दिवसाला ३०,००० बॅरलवरून अवघ्या २४ तासांत शून्यावर आल्याची नोंद आहे. या धोक्याकडे सवडीने पाहता येत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

हा लेख स्केल काढण्याविषयी नाही, तर ते बसूच नये म्हणून विहिरीभोवतीच्या खडकात इनहिबिटर, म्हणजे क्षार बसू न देणारे रसायन, मुरवून ठेवण्याविषयी आहे. या कामाला ‘स्क्वीझ’ म्हणतात. खडकात मुरलेले रसायन पुढे महिनोन्महिने उत्पादनाच्या, म्हणजे तेलासोबत वर येणाऱ्या, पाण्याबरोबर थोडे थोडे सुटत राहते. माझ्या मते या कामाचे यश पंपावर फारसे ठरत नाही. ते आधी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांवर आणि नंतर नेमाने घेतलेल्या नमुन्यांवर ठरते. म्हणून पुढील मांडणीत पंपिंगपेक्षा पाण्याला अधिक जागा दिली आहे.

कोणता क्षार, कोठे आणि का

ज्यांच्या घरी बोअरचे पाणी येते त्यांना गीझरच्या कॉइलवर किंवा तांब्याच्या बंबात बसणारा पांढरा थर परिचित आहे. तो कॅल्शियम कार्बोनेट होय. विहिरीतही तोच क्षार बसतो, मात्र तेथे उष्णतेपेक्षा दाबाचा उतार अधिक कारणीभूत असतो: दाब कमी झाला की पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पाण्याचा सामू वाढतो आणि कार्बोनेट बाहेर पडते. त्यामुळे जेथे दाब झपाट्याने उतरतो, म्हणजे पर्फोरेशनपाशी, बुडीत पंपाच्या आसपास, गॅस-लिफ्ट व्हॉल्व्हपाशी किंवा चोकच्या, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या झडपेच्या, पुढे, तेथे तो प्रथम शोधावा. हायड्रोक्लोरिक आम्लात तो विरघळतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब आहे.

बेरियम सल्फेटाचे तसे नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट असते. थरातील मूळच्या पाण्यात बेरियम असेल तर दोन्ही पाणी एकत्र येताच हा क्षार तयार होतो. साध्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला त्याची विद्राव्यता लिटरमागे जेमतेम २ ते ३ मिलिग्रॅम असते, आणि आम्लाचा त्यावर व्यवहारात काहीच उपयोग होत नाही. तो काढायचा तर डीटीपीए किंवा ईडीटीए यांसारखी महागडी विद्रावके वापरावी लागतात, नाहीतर कॉइल्ड ट्यूबिंगने, म्हणजे गुंडाळीवरून सोडायच्या लांब लवचिक नळीने, आत उतरून तो खरवडावा लागतो. शिवाय थरातील पाण्यातले रेडियम याच क्षारात अडकत असल्याने बाहेर काढलेल्या ट्यूबिंगवरील थर किरणोत्सारी असू शकतो. असे पाइप उपकरणाने तपासल्याखेरीज घासू अथवा कापू नयेत. ज्या विहिरीत बेरियमचा संभव आहे तेथे प्रतिबंध हाच खरा उपाय, असे मी ठामपणे म्हणेन. कॅल्शियम सल्फेट आणि स्ट्रॉन्शियम सल्फेट यांचा विचारही करावा लागतो, पण वरील दोन क्षारांचे गणित नीट मांडले तर या दोहोंचे उत्तर बहुधा त्यातच मिळते.

इनहिबिटर स्फटिकांच्या वाढीच्या जागांवर चिकटून त्यांची वाढ अडवतो. पाण्यातील प्रत्येक कॅल्शियम किंवा बेरियम आयनला बांधून ठेवणे हे त्याचे काम नव्हे, आणि म्हणूनच पाण्यात हजारो मिलिग्रॅम कॅल्शियम असतानाही लिटरमागे काही मिलिग्रॅम इनहिबिटर पुरतो. ज्या मात्रेखाली संरक्षण संपते तिला एमआयसी, म्हणजे किमान प्रभावी मात्रा म्हणतात. पुढचा सारा हिशेब या एका आकड्यावर उभा असतो.

आता प्रश्न असा की, पृष्ठभागावरून बारीक नळीने रसायन सतत सोडता येत असताना खडकात मुरवण्याचा खटाटोप कशासाठी? नळीतून आलेले रसायन तिच्या तोंडाच्या वरच्या भागाचे रक्षण करते. पर्फोरेशन आणि त्याभोवतीचा खडक त्या तोंडाच्या खाली राहतो, आणि अनेक विहिरींत पहिला थर बसतो तो नेमका तेथेच. खडकातून सुटणारे रसायन मात्र पाणी विहिरीत शिरण्यापूर्वीच त्यात मिसळलेले असते.

नमुने आणि एमआयसी

पहिले काम म्हणजे थरातील मूळच्या पाण्याचा नमुना. विहिरीत समुद्राचे पाणी पोहोचण्यापूर्वी घेतलेला नमुना उपलब्ध असेल तर तो सोन्याच्या मोलाचा समजावा, कारण एकदा मिसळण सुरू झाले आणि बेरियम वाटेतच बसू लागले की मूळचे प्रमाण पुन्हा कळत नाही. सामू आणि बायकार्बोनेट जागेवरच मोजावे. बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत वायू निसटून दोन्ही आकडे बदललेले असतात. बेरियम आणि सल्फेट यांसाठीचा नमुना जागेवरच परिरक्षक द्रावणात पातळ करून ठेवावा, अन्यथा क्षार बाटलीतच बसतो आणि विश्लेषणात पाणी निर्धोक दिसते. ही चूक दिसायला क्षुल्लक आहे, पण तिच्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय खोटा पडतो.

त्यानंतर उत्पादनाच्या पाण्यात समुद्राच्या पाण्याचा वाटा किती आहे ते काढावे. दोन्ही पाण्यांत ज्याचे प्रमाण ठळकपणे वेगळे आहे आणि जो सहसा क्षारात बसत नाही, असा आयन, उदाहरणार्थ क्लोराइड, यासाठी निवडावा. वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळलेल्या पाण्यासाठी संपृक्तता निर्देशांक, म्हणजे क्षार बाहेर पडण्याचा कल दाखवणारा आकडा, काढून सर्वांत वाईट मिश्रण कोणते ते पाहावे आणि एमआयसीची चाचणी त्याच मिश्रणावर, थराच्या तापमानाला करावी. केवळ आजच्या पाण्यावर काढलेली एमआयसी सहा महिन्यांनी, समुद्राच्या पाण्याचा वाटा वाढल्यावर, अपुरी ठरू शकते.

चाचण्या दोन प्रकारच्या असतात. पहिलीत बाटलीतील मिश्रण ठरावीक वेळ तापवून किती क्षार द्रावणात टिकला ते पाहतात. दुसरीत बारीक नळीतून पाणी सोडून ती चोंदायला किती वेळ लागतो ते मोजतात. बेरियम सल्फेटासाठी पहिली आणि कार्बोनेटासाठी दुसरी अधिक उपयोगी पडते, असा सर्वसाधारण अनुभव असला तरी दोन्ही कराव्यात.

रसायनाची निवड

व्यवहारात दोन घराणी आहेत: फॉस्फोनेट आणि पॉलिमर. डीटीपीएमपीसारखे फॉस्फोनेट खडकावर घट्ट बसतात, सावकाश सुटतात, आणि त्यातील फॉस्फरस यंत्रावर सहज मोजता येतो. म्हणून पहिल्यांदा काम करणाऱ्याने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते. त्यांचा दोष असा की कॅल्शियम अधिक असलेल्या पाण्यात ते कॅल्शियमबरोबर साका धरतात, आणि अतितप्त विहिरींत त्यांचे विघटन होऊ लागते. सल्फोनेटयुक्त पॉलिमर कॅल्शियम चांगले सोसतात आणि कमी तापमानाच्या बेरियमग्रस्त विहिरींत उत्तम काम करतात, परंतु खडकावर कमी टिकतात आणि पाण्यात त्यांची मात्रा मोजणे अवघड जाते. पॉलिमरमध्ये फॉस्फरसची खूण गुंफून मोजमापाची अडचण बरीच दूर करता येते.

निवडलेले रसायन तीन कसोट्यांवर घासून पाहावे. ते थरातील पाण्यात, समुद्राच्या पाण्यात आणि दोहोंच्या मिश्रणात गढूळ होते का. तेलाबरोबर हटवादी इमल्शन, म्हणजे सहज न फुटणारे तेल-पाण्याचे मिश्रण, करते का. आणि त्याच थरातील खडकाच्या तुकड्यातून, म्हणजे कोअरमधून, सोडल्यावर खडकाची पारगम्यता, म्हणजे द्रव आरपार जाऊ देण्याची क्षमता, घटवते का. तिसरी चाचणी खर्चिक आहे, म्हणून ती गाळण्याचा मोह होतो, तो टाळावा. स्केल न बसताही विहीर निम्म्यावर येऊ शकते, आणि त्याला कारण आपण पाठवलेले द्रावण असू शकते.

चुनखडीच्या थराबाबत विशेष काळजी घ्यावी. आम्लस्वरूपातील फॉस्फोनेट चुनखडीला भिडताच ती विरघळू लागते, कॅल्शियम मोकळे होते आणि त्याचा फॉस्फोनेटशी साका पर्फोरेशनच्या अगदी तोंडाशी बसू शकतो. थोडा साका खडकात खोलवर बसला तर तो सावकाश विरघळून संरक्षणाचा काळ वाढवतो, पण तोंडाशी बसला तर वाट अडवतो. म्हणून अशा ठिकाणी रसायन अंशतः उदासीन करून, पोटॅशियम किंवा सोडियमच्या क्षाराच्या रूपात वापरणे अधिक सुरक्षित असते. वालुकाश्मात रसायन मुख्यतः अधिशोषणाने, म्हणजे कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. तेथे चिकणमाती फुगण्याचा धोका असल्यामुळे २ ते ३ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण वाहक म्हणून वापरतात.

किती आणि किती खोल

समजा, विहिरीचा उत्पादक भाग १० मीटर जाडीचा, सच्छिद्रता (खडकातील पोकळीचा हिस्सा) २२ टक्के आणि पाण्याचे उत्पादन दिवसाला २५० घनमीटर आहे, तर एमआयसी लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे. दररोज किमान १.२५ किलो सक्रिय रसायन पाण्यात असले पाहिजे. १० टक्के तीव्रतेच्या ३० घनमीटर द्रावणात सुमारे ३ टन तयार रसायन जाते आणि त्यात ३० टक्के सक्रिय भाग असेल तर ९०० किलो सक्रिय रसायन खडकात पोहोचते. यापैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या काही दिवसांतच परत येते, असे धरून चालावे. उरलेले ६०० किलो दररोज नेमके १.२५ किलो या दराने सुटले असते तर ४८० दिवस पुरले असते. परंतु रसायन तसे सुटत नाही, आरंभी पुष्कळ अधिक आणि पुढे कमी कमी होत जाते, आणि काही भाग खडकातच कायमचा राहतो. म्हणून निम्मा काळ, म्हणजे सुमारे आठ महिने, हा अंदाज अधिक प्रामाणिक होय.

खोलीचे गणित याच पद्धतीने करावे. ३ मीटर त्रिज्येपर्यंतच्या खडकात वरील आकड्यांनुसार सुमारे ६२ घनमीटर पोकळी असते. तिचा चौथा हिस्सा न हलणाऱ्या तेलाने व्यापला असेल तर ४७ घनमीटर. ३० घनमीटर मुख्य द्रावणामागून ७० घनमीटर पाणी (ओव्हरफ्लश) ढकलले तर पाण्याची आघाडी सुमारे ४.४ मीटरपर्यंत जाते, रसायन मात्र वाटेत खडकाला चिकटत गेल्याने तिच्या मागे राहते. त्रिज्या दुप्पट करायची तर पाणी चौपट लागते, त्यामुळे एका मर्यादेपुढे अधिक पाणी ढकलण्याने लाभ थोडा आणि विहीर पूर्ववत होण्याचा काळ मोठा, असे होते.

यात ट्यूबिंगचे आकारमान मिळवण्यास विसरू नये. साडेतीन इंची ट्यूबिंगचा आतला व्यास सुमारे ७६ मिलिमीटर असतो. दर मीटरला साडेचार लिटर, म्हणजे २,००० मीटरला ९ घनमीटर. एवढे पाणी हिशेबात धरले नाही तर ओव्हरफ्लश तेवढ्याने उथळ पडतो. हे सर्व अंदाज हाताने काढल्यावर संगणकीय प्रारूपावर तपासावेत. स्कॉटलंडमधील हेरियट-वॉट विद्यापीठात यासाठी विकसित झालेले सॉफ्टवेअर या क्षेत्रात दीर्घकाळ वापरात आहे.

प्रत्यक्ष काम

विहिरीत आधीच स्केल बसले असेल तर ते प्रथम काढावे. बसलेल्या थरावर इनहिबिटर ओतणे म्हणजे गंजलेल्या लोखंडावर रंग देण्यासारखे आहे. विहिरीची इंजेक्शन क्षमता साध्या पाण्याने तपासून, खडक फुटण्याच्या दाबापेक्षा खाली राहणारी कमाल मर्यादा लेखी ठरवावी आणि ती पंपावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर असावी. वाहक पाणी बारीक गाळलेले असावे. समुद्राचे पाणी वापरत असल्यास ऑक्सिजन आणि जिवाणू यांचा बंदोबस्त केलेला असावा. थरातील पाण्यात बेरियम भरपूर असेल तर साधे समुद्राचे पाणी आत ढकलणे धोक्याचे आहे; तेथे पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण किंवा सल्फेट काढलेले पाणी घ्यावे.

प्रथम प्रीफ्लश जातो: ज्यात तेल आणि पाणी दोन्ही मिसळतात असे विद्रावक किंवा पृष्ठक्रियाशील द्रव्य आणि अल्प इनहिबिटर. यामुळे खडकावरील तेलाचे आवरण सुटते आणि रसायनाला चिकटायला जागा मिळते. मागोमाग मुख्य द्रावण, बहुधा ५ ते २० टक्के तीव्रतेचे, आणि त्यामागून ओव्हरफ्लश, जो आकारमानाने सर्वांत मोठा असतो. सरळ विहिरीत हे सर्व वेलहेडवरून, म्हणजे विहिरीच्या वरच्या तोंडावरून, थेट ढकलता येते. लांब आडव्या विहिरीत मात्र द्रावण सोपी वाट धरून एकाच टोकाशी शिरते आणि उरलेला भाग कोरडा राहतो. तेथे कॉइल्ड ट्यूबिंग किंवा प्रवाह वळवणारे द्रव्य वापरावे लागते.

पंपिंग चालू असताना दर आणि दाब सतत नोंदवावेत. दाब हळूहळू चढत गेला तर साका किंवा गाळ तोंडाशी बसत असल्याची शंका घ्यावी आणि दर कमी करावा. दाब एकदम कोसळला तर खडक फुटला असण्याची शक्यता असते आणि रसायन भेगेतून भलतीकडे जाते. फॉस्फोनेटची अनेक द्रावणे तीव्र आम्लधर्मी असतात. हातमोजे, चष्मा, चेहऱ्यावरील ढाल आणि जवळ धुण्याचे पाणी यांत सूट देऊ नये. जेथे हायड्रोजन सल्फाइडचा संभव आहे तेथे त्याची उपकरणेही अंगावर हवीत.

यानंतर विहीर ६ ते २४ तास बंद ठेवतात. या काळात रसायन खडकात मुरते. घाईने उघडलेली विहीर मुरू न दिलेल्या लोणच्यासारखी असते: रसायन आत गेलेले असते, पण धरलेले नसते. उघडतानाही चोक टप्प्याटप्प्याने वाढवावा. पहिले पाणी रसायनाने आणि विद्रावकाने भरलेले असल्याने तेल-पाणी वेगळे करणाऱ्या सेपरेटरमध्ये इमल्शन होऊ शकते आणि समुद्रात सोडायच्या पाण्यातील तेलाचे प्रमाण वाढू शकते. म्हणून प्रक्रिया विभागाला आदल्या दिवशीच वेळ कळवावी.

खडकाऐवजी अन्य वाहक

प्रत्येक विहिरीला स्क्वीझ मानवतोच असे नाही. जेथे पंपाचे जहाज आणणे परवडत नाही किंवा थर पाणी शोषून घेऊन तेल अडवतो, तेथे घनरूप इनहिबिटर उपयोगी पडतो. पर्फोरेशनच्या खाली विहिरीचा जो मोकळा तळ असतो त्यात कवचबंद इनहिबिटरचे जड दाणे सोडतात. कवचातून रसायन सावकाश पाझरते. पाणी कमी देणाऱ्या विहिरींसाठी ही सोय चांगली आहे, मात्र तळाला किती जागा आहे यावर सारे अवलंबून असते. ज्या विहिरीत हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, म्हणजे दाबाने खडकाला भेगा पाडणे, करायचेच आहे तेथे सच्छिद्र सिरॅमिक प्रॉपंटमध्ये (भेगा उघड्या ठेवणाऱ्या दाण्यांत) इनहिबिटर भरून तो भेगांत बसवता येतो, त्यामुळे पाण्याच्या पहिल्या थेंबापासून संरक्षण मिळते. या साठ्याचे आयुष्य किती पाणी त्यावरून वाहिले यावर ठरते, दिवसांवर नव्हे. पाण्याचे उत्पादन दुप्पट झाले की तो लवकर संपतो.

परतणाऱ्या पाण्याची नोंद

विहीर उघडल्यावर पहिल्या दिवशी दर काही तासांनी, पहिल्या आठवड्यात रोज, पुढे आठवड्याने आणि नंतर पंधरवड्याने नमुने घ्यावेत. प्रत्येक नमुन्यात इनहिबिटरची मात्रा, कॅल्शियम, बेरियम, सल्फेट आणि समुद्राच्या पाण्याचा वाटा मोजावा. गाळलेल्या कणांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहता आले तर फारच उत्तम, कारण स्फटिकांच्या कडा धारदार आहेत की विस्कटलेल्या, यावरून इनहिबिटर अजून काम करतो आहे की नाही ते कळते. इनहिबिटरची मात्रा एमआयसीच्या वर असूनही बेरियम अपेक्षेपेक्षा कमी येत असेल तर एमआयसी चुकली आहे, असे मानून चाचणी पुन्हा करावी.

पुढचा स्क्वीझ दिनदर्शिका पाहून ठरवू नये. मात्रा एमआयसीच्या जवळ येत असल्याचे आलेखात दिसताच जहाज, रसायन आणि परवाने यांना लागणारा अवधी मागे मोजत कामाची तारीख ठरवावी. पावसाळ्यात अरबी समुद्र जहाजाला किती दिवस जवळ येऊ देईल, हेही मुंबई हायच्या बाबतीत या हिशेबात येते. नॉर्वेमध्ये सागरी क्षेत्रातील रसायनांचे काळा, लाल, पिवळा आणि हिरवा असे पर्यावरणीय वर्ग केलेले आहेत, आणि सावकाश विघटन पावणारी रसायने बदलण्याकडे तेथील नियमांचा कल आहे. आपल्याकडील आखणी करतानाही रसायनाची जैवविघटनशीलता एमआयसीच्या शेजारच्या स्तंभात लिहावी. दुसरा स्क्वीझ त्याच विहिरीत पुष्कळदा पहिल्यापेक्षा अधिक टिकतो, कारण खडकात आधीचे थोडे रसायन शिल्लक असते. म्हणून पहिल्या कामाची मात्रा, दाब, शट-इनचे (विहीर बंद ठेवल्याचे) तास आणि परतीचा आलेख हे सर्व एकाच फाइलमध्ये, विहिरीच्या नावाने ठेवावे आणि दुसऱ्या कामाचे गणित त्या आलेखावरून सुरू करावे.